खेळातून इंग्रजी : ‘राज्य’ प्रत्येकावर येऊ द्या!

देवगड बंदरात बोटी लागल्या की जेटीवर एकच गडबड उडते. कुणी क्रेट मागतो, कुणी आईस मागतो, कुणी इंजिनाच्या डिझेलची चौकशी करतो. आंब्याच्या हंगामात बागेत कामाला जाणाऱ्या आयाबाया पॅकिंग करतात, डझन मोजतात, पेट्या ट्रान्सपोर्टला लावतात. बोट, जेटी, क्रेट, आईस, इंजिन, डिझेल, पॅकिंग, डझन, ट्रान्सपोर्ट हे सारे शब्द इंग्रजी आहेत. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ते रोज बोलते आणि एकदाही अडखळत नाही.

पण त्याच आजीच्या नातवाला वर्गात उभे करून ‘व्हॉट इज युवर नेम?’ असे विचारले, की त्याची मान खाली जाते. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी गावी येतात. त्यांची इंग्रजी माध्यमात शिकणारी मुले खळ्यात उभी राहून आपसांत चार वाक्ये बोलली, की गावचा मुलगा हळूच दाराआड होतो. असे का व्हावे? आजीला हे शब्द कामातून मिळाले. हाताने वस्तू उचलता उचलता ते तोंडी बसले. नातवाला मात्र ते फळ्यावरून मिळाले, आणि ‘चुकलो तर सगळे हसतील’ या धास्तीसह मिळाले. फरक बुद्धीचा नाही. फरक शिकण्याच्या वाटेचा आहे.

पालक बंधू-भगिनींनो, लहान मुलांना ही वाट सोपी करून देण्याचे सर्वांत स्वस्त साधन आपल्या अंगणातच आहे. ते साधन म्हणजे खेळ!

इंग्रजी पहिलीपासून, भीतीही पहिलीपासून?

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू होई. ए-बी-सी-डी गिरवण्यातच वर्ष निघून जायचे आणि दहावीला बसेपर्यंत इंग्रजीचा पेपर म्हणजे डोंगर वाटायचा. जून २००० पासून महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. श्रीमंतांच्या मुलांना जे लहानपणी मिळते ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलालाही मिळावे, हा त्यामागचा विचार. निर्णय चांगलाच होता. परंतु पहिलीच्या मुलाला पाचवीच्याच पद्धतीने शिकवले, तर लाभ कोणता? भीती तेवढी चार वर्षे अलीकडे आली!

चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात आपण पाहतोच. चिमुकली मुलगी व्यासपीठावर येते, इंग्रजी भाषण घडाघडा म्हणते, टाळ्यांचा कडकडाट होतो. तिच्या पाठांतराचे कौतुक केलेच पाहिजे. पण खाली उतरल्यावर तिला त्यातल्या एका वाक्याचा अर्थ विचारला तर ती आईकडे पाहते. तोंडात इंग्रजी आहे, मनात नाही.

इंग्रजीचे मोल आपल्या समाजाला कुणी नव्याने सांगावे असे नाही. सावित्रीमाईंच्या १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता आहेत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी यांनी घरी बसवून मुलाचे इंग्रजी पक्के करून घेतले. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीचा दागिना गहाण ठेवून त्यांनी पुस्तक आणले. तोच मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला, १९१३ साली अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९१६ साली तिथल्या विद्वानांपुढे जातिसंस्थेवर इंग्रजीत निबंध वाचून आला.

आजही आपल्या वस्तीतली आई फीसाठी दागिना मोडते. तिच्या तळमळीला तोड नाही. पण जिला फी परवडत नाही, जिची मुले वाडीवरच्या मराठी शाळेतच शिकतात, त्या आईने कमीपणा मानण्याचे कारण नाही. तिच्या मुलालाही इंग्रजी येऊ शकते. कसे, ते पाहू.

आधी कान, मग अंग, मग जीभ

तान्हे मूल भाषा कसे शिकते ते आठवा. आई म्हणते, ‘डोळे कुठे? नाक कुठे? टाळ्या वाजव बघू!’ बाळाला एक शब्दही बोलता येत नसतो, तरी ते नाकाला बोट लावते, टाळ्या वाजवते. म्हणजे त्याला भाषा कळलेली असते. आधी कानांनी ऐकायचे, मग अंगाने करून दाखवायचे, आणि पुष्कळ दिवसांनी जिभेने बोलायचे असा हा निसर्गाचा क्रम आहे. शाळेत आपण हा क्रम उलटा करतो. पहिल्याच दिवशी मुलाला म्हणतो, बोल!

जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात याच निरीक्षणावर परकी भाषा शिकवण्याची एक पद्धत उभी केली. शिक्षकाने सोप्या आज्ञा द्यायच्या, स्वतः करून दाखवायच्या आणि शिकणाऱ्याने फक्त कृती करायची. बोलण्याची सक्ती नाही. कान तयार झाले की बोलणे आपोआप येते. ही पद्धत पुढे देशोदेशींच्या शाळांत गेली. आपल्याकडेही पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी शाळांतील मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ ही रेडिओ मालिका तयार केली होती.

देवगडच्या मुलाची घरची बोली मालवणी. तिची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. उलट तिचाच आधार घ्यावा. खेळाचे नियम खुशाल मालवणीत सांगावेत. ‘स्टँड अप’ म्हणजे ‘उभो रव’ आणि ‘कम हिअर’ म्हणजे ‘हय ये’ हे एकदा कळले, की पुढे खेळात इंग्रजीच वापरावे.

पाच सोपे खेळ

गंमत अशी की आपली मुले खेळताना इंग्रजी बोलतच असतात. ‘डबा ऐसपैस’मधले ऐसपैस म्हणजे मूळचे ‘आय स्पाय’, अर्थात ‘मला दिसला’. तेव्हा नवे काही आणायचे नाही. आहे त्यालाच थोडे वळण द्यायचे.

१) बाई म्हणतात. आपण लहानपणी खेळलेला ‘शिवाजी म्हणतो’ हाच खेळ. सांगणारा म्हणतो, ‘बाई म्हणतात, स्टँड अप!’ सर्वांनी उभे राहायचे. ‘बाई म्हणतात, टच युवर नोज!’ नाकाला हात लावायचा. पण ‘बाई म्हणतात’ हे शब्द न उच्चारता नुसती आज्ञा दिली तर कुणी हलायचे नाही. पहिले चार दिवस फसवाफसवी अजिबात नको. नुसत्या आज्ञा द्याव्यात आणि करून दाखवाव्यात. सिट डाऊन, जंप, क्लॅप, टर्न अराउंड, रन, स्टॉप एवढे शब्द एका आठवड्याला पुष्कळ झाले.

२) टिपी टिपी टीप टॉप. हा खेळ प्रत्येक गल्लीत चालतो. ज्याच्यावर राज्य असेल तो रंग सांगतो आणि बाकीचे त्या रंगाच्या वस्तूला हात लावायला धावतात. मुलांना रेड, ग्रीन, ब्ल्यू एवढे रंग येतात. त्यात ब्राउन, ग्रे, पर्पल, ऑरेंज असे नवे रंग घालावेत. रंग पाठ झाले की ‘समथिंग राउंड’ म्हणजे काहीतरी गोल, ‘समथिंग हार्ड’ म्हणजे काहीतरी कठीण असे सांगावे. मुले जांभ्या दगडाच्या गडग्याला हात लावतील आणि ‘हार्ड’ हा शब्द जन्मभर विसरणार नाहीत.

३) सी आणि शोअर. जमिनीवर एक रेघ ओढायची. रेघेच्या एका बाजूला ‘सी’ म्हणजे समुद्र, दुसऱ्या बाजूला ‘शोअर’ म्हणजे किनारा. आज्ञा होईल तिकडे उडी मारायची. मग त्यात भर घालावी. ‘बोट’ म्हटले की दोघांनी मिळून वल्हवायचे, ‘नेट’ म्हटले की जाळे फेकल्यासारखे करायचे, ‘क्रॅब’ म्हटले की कुर्लीसारखे आडवे चालायचे, ‘फिश’ म्हटले की पोहायचे. ज्या मुलाचा बाप रोज समुद्रावर जातो, त्याला या खेळात कुणी हरवू शकत नाही! शिक्षकाच्या पुस्तकात नसलेले ज्ञान त्याच्या अंगात आहे, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला दिसते.

४) आंब्याची पेटी. सर्व मुलांनी गोल बसायचे. एकाआड एक नावे द्यायची : मँगो, कॅश्यू, जॅकफ्रूट, कोकोनट. म्हणजे आंबा, काजू, फणस, नारळ. एक मूल मध्ये उभे राहील, त्याला जागा नाही. त्याने ‘मँगो’ म्हटले की सर्व आंब्यांनी उठून आपसांत जागा बदलायच्या आणि त्या धांदलीत मधल्याने जागा पटकवायची. ‘पेटी उलटली!’ असे म्हटले की सर्वांनीच जागा बदलायच्या. जो उरला तो मध्ये. पुढच्या आठवड्यात फळांऐवजी प्राणी, मग वार, मग घरातली माणसे घ्यावीत. शेवटी मुलांकडूनच बारापर्यंत मोजून घ्यावे. ‘वन डझन!’ हा हिशेब त्यांच्या आईच्याच कामाचा आहे.

५) अक्षरांची लंगडी. अंगणात कोळशाने किंवा खडूने घरे आखावीत आणि प्रत्येक घरात एक इंग्रजी अक्षर लिहावे. सांगणाऱ्याने अक्षराचे नाव न घेता त्याचा आवाज सांगायचा. ‘बी’ न म्हणता ‘ब्’, ‘एम’ न म्हणता ‘म्’. मुलाने त्या घरात लंगडी घालत जायचे. पुढे ‘क्’, ‘ॲ’, ‘ट्’ अशा तीन उड्या मारल्या की ‘कॅट’ तयार होते. वाचन म्हणजे जादू नव्हे, आवाज जोडणे होय, हे मुलाच्या पायांना कळते!

राज्य कुणावर?

आपल्याकडे खेळात डाव ज्याच्याकडे येतो त्याच्यावर ‘राज्य आले’ असे म्हणतात. या खेळांमध्ये राज्य येणे म्हणजे आज्ञा देण्याची पाळी येणे. माझ्या मते सर्व खेळांतला मर्मभाग हाच आहे.

पहिले काही दिवस आज्ञा बाईंनी किंवा गुरुजींनी द्याव्यात. पण मुलांच्या कानांवर शब्द बसले की त्यांनी बाजूला व्हावे आणि एकेका मुलाला पुढे बोलवावे. मुलगी म्हणते, ‘बाई, सिट डाऊन!’ आणि बाई खरोखर खाली बसतात. वर्ग हसून लोटपोट होतो. त्या मुलीला मात्र त्या क्षणी एक गोष्ट उमगते, की माझ्या शब्दाने समोरचा माणूस हलला. भाषा ही केवळ ऐकून घेण्यासाठी नसते, ती आपण बोलायची असते. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या वाट्याला फक्त दुसऱ्याचा हुकूम ऐकणे आले, त्यांच्या लेकरांना हा अनुभव लहान वाटेल काय?

म्हणूनच राज्य प्रत्येकावर आले पाहिजे. चुणचुणीत दोन-तीन मुलेच रोज पुढे आली आणि बाकीची मागे उभी राहिली, तर खेळही जुन्या वर्गासारखाच झाला. हजेरीपटाप्रमाणे पाळी लावावी. मुलगा-मुलगी भेद नको. ज्या मुलाला पायाने धावता येत नाही त्याला ‘तू बस’ असे म्हणू नये. सांगणाऱ्याची पाळी त्याला आधी द्यावी. तोतऱ्या मुलाने शब्द पूर्ण करेपर्यंत सर्वांनी थांबावे.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. गोल करायचा म्हणजे हात धरावे लागतात. कुणी कुणाचा हात धरला, कुणी टाळला, कुणाच्या शेजारी जागा रिकामी राहिली, याकडे शिक्षकाचे लक्ष हवे. लहानग्या भीमरावाला सातारच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घेऊन कोपऱ्यात बसावे लागे आणि शिपाई आला नाही तर पाण्याविना राहावे लागे. हे बाबासाहेबांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. आज वर्गात गोणपाट नाही. पण मनातले गोणपाट कधीकधी हात धरण्याच्या वेळी दिसते. तिथे व्याख्यान देऊ नये. शिक्षकाने स्वतः त्या रिकाम्या जागी उभे राहून दोन्ही बाजूंचे हात धरावेत आणि पुढच्या डावात सर्वांच्या जागा बदलून टाकाव्यात. ‘आंब्याची पेटी’ हा खेळ त्यासाठी उत्तम. पेटी उलटली की कोण कुणाशेजारी बसेल, याचा नेम राहत नाही!

काही पथ्ये

‘आऊट’ करू नका. चुकलेल्याला बाद करण्याची आपली सवय आहे. पण बाद कोण होते? ज्याला सर्वांत कमी येते तो. म्हणजे ज्याला खेळण्याची गरज सर्वांत जास्त, तोच कडेला बसून राहतो. त्यापेक्षा चुकलेल्याने सांगणाऱ्याच्या शेजारी उभे राहून पुढची आज्ञा द्यावी. त्याला शिक्षा होत नाही आणि सरावही मिळतो.

चुकले तर हसू नका, लगेच दुरुस्तही करू नका. मुलगा ‘आय गोइंग’ म्हणाला, तर आपण नुसते ‘येस, यू आर गोइंग!’ असे म्हणावे. त्याच्या कानावर बरोबर रूप पडते आणि मान खाली जात नाही.

थोडेच शब्द घ्या. आठवड्याला आठ-दहा नवे शब्द आणि रोज दहा-पंधरा मिनिटे खेळ पुरे. मुलांना अजून खेळायचे असतानाच थांबावे, म्हणजे उद्याची ओढ राहते.

खेळानंतर वही उघडा. खेळ हे दार आहे, घर नव्हे. पायांनी शिकलेला शब्द त्याच दिवशी डोळ्यांनी पाहिला आणि हाताने लिहिला पाहिजे. तिसरी-चौथीच्या मुलांनी खेळाचे दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहावे. परीक्षा लेखीच असते, हे विसरून चालणार नाही.

‘आमच्या शाळेत पोरेच नाहीत, खेळ कसला?’ असेही काहीजण म्हणतील. कोकणातील वाड्यांवरच्या शाळांचा पट लहान असतो, हे खरे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे दोघांनी सगळे वर्ग सांभाळायचे. पण खेळाला ही अडचण नसून सोयच आहे. पहिलीचे मूल कृती करील, चौथीचे मूल आज्ञा देईल आणि थोरला धाकट्याचा गुरू होईल. पट दहाचा असला तर दहाही मुलांवर एकाच दिवशी राज्य येते. साठ मुलांच्या महागड्या वर्गात ते कुणाच्या नशिबी आहे?

कोकणातला पाऊस जून ते सप्टेंबर मैदान मिळू देत नाही. तेव्हा वर्गातच चिंध्यांचा चेंडू करावा. चेंडू ज्याच्याकडे जाईल त्याने ‘आय ॲम’ म्हणून आपले नाव सांगावे, पुढच्याला ‘अँड यू?’ असे विचारावे आणि चेंडू टाकावा. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्रे काढून ती जमिनीवर पसरावीत, शब्द उच्चारताच चित्रावर हात मारावा. यासाठी एक पैसाही लागत नाही.

घरी आणि विहारात

‘आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांना काय शिकवणार?’ हा प्रश्न आया नेहमी विचारतात. माझे उत्तर असे, की ताई, तुम्ही शिकवू नका, तुम्ही शिका! संध्याकाळी मुलगा शाळेतून आला की त्याला म्हणा, ‘आज तुझ्यावर राज्य. तू सांग, मी करते.’ तो म्हणेल ‘ओपन द डोअर’. तुम्हाला कळले नाही तर विचारा, ‘म्हणजे काय रे बाबा?’ तो दार उघडून दाखवील. ‘ब्रिंग टू ओनियन्स’ म्हटले तर दोन कांदे आणून द्या. आईला शिकवणारा मुलगा तो शब्द कधी विसरेल काय? चूल पेटती ठेवून, भाकरी थापता थापता हा खेळ होतो. आजी-आजोबांनाही त्यात घ्यावे.

वस्तीत बुद्धविहार असेल तर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास मुलांसाठी राखून ठेवता येईल. बारावी किंवा कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या ताईने, दादाने पुढाकार घ्यावा. अंगणात रेघ ओढावी, लंगडीची घरे आखावीत. मे महिन्यात मुंबईहून आलेल्या मुलांनाही त्यात ओढावे. ‘क्रॅब’ म्हणताच आडवे कसे चालायचे हे त्यांना गावचा मुलगा शिकवील आणि नवे चार शब्द तो त्यांच्याकडून घेईल. मग दाराआड लपण्याची पाळी कुणावरच येणार नाही.

आणि पुढच्या चौदा एप्रिलला पाठ केलेल्या भाषणाच्या जोडीला एक छोटा खेळ व्यासपीठावर ठेवून पाहावा. वाडीतील सर्वांत लाजऱ्या मुलीला पुढे बोलवावे. तिने माईक हातात घ्यावा आणि समोर बसलेल्या अध्यक्षांना, पाहुण्यांना, आयाबायांना, सर्वांना इंग्रजीत सांगावे, ‘प्लीज, स्टँड अप!’ सारा मंडप उठून उभा राहील. तिला त्या वाक्याचा अर्थ विचारावा लागणार नाही. तो तिला समोर उभा दिसेल.